परतीचे गाव कोणाचे? : ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ आणि ‘श्यामची आई’ यांतील दापोली

गोषवारा

महू येथील लष्करी छावणीतून निवृत्त झालेले सुभेदार रामजी सकपाळ आपल्या कुटुंबासह कोकणात, दापोलीस परतले. पण तेथे ते स्थिरावले नाहीत. या घटनेची नोंद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर लेखनात अत्यंत थोडक्यात केली आहे. त्याच दशकात, त्याच तालुक्याच्या भूमीवर साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ उभे राहिले. प्रस्तुत लेखात या दोन लेखनांतील ‘गावी परतणे’ या अनुभवाची तुलना केली आहे. मराठी समीक्षेने गृहीत धरलेली ‘मूळ गाव’ ही कल्पना सर्वांना सारखी लागू पडते काय, याचाही विचार येथे केला आहे.

बीजशब्द : परतीचे स्थलांतर, मूळ गाव, छावणी, वतन, आत्मपर लेखन, दापोली.

प्रस्तावना

मराठी साहित्यात गाव सोडून जाणे आणि गावाकडे परत येणे या दोन क्रियांना मोठे भावमूल्य लाभलेले आहे. शिक्षणासाठी, नोकरीसाठी अथवा पोट भरण्यासाठी माणूस दूर जातो. आयुष्याच्या उत्तरार्धात किंवा एखाद्या संकटाच्या वेळी तो आपल्या माणसांत परततो. गाव बदललेले असते, घर पडके झालेले असते, ओळखीची माणसे गेलेली असतात. तरीही ते गाव त्याचे असते. या ‘त्याचे असण्या’विषयी लेखकाला शंका नसते, वाचकालाही नसते. समीक्षक गावाच्या बदलाची, ऱ्हासाची, परतणाऱ्याच्या एकाकीपणाची चर्चा करतात. परंतु परतण्याचा अधिकार त्या चर्चेत गृहीतच धरलेला असतो.

हे गृहीतक तपासून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी दोन लेखने निवडली आहेत. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले व ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे लेखन डॉ. आंबेडकरांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत केले. ते त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये ते पुस्तिकारूपाने प्रकाशित केले व १९९३ मध्ये शासनाने प्रकाशित केलेल्या समग्र लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात त्याचा समावेश झाला. एक ग्रंथ मराठी घराघरांत वाचला गेला. दुसरा सुमारे अर्धशतक हस्तलिखितात राहिला. दोहोंतील बालपणाचा काळ एकोणिसाव्या शतकाची अखेर आणि विसाव्याचा आरंभ हा आहे आणि दोहोंच्या मुळाशी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीचा परिसर आहे. असे असूनही ही दोन लेखने शेजारी ठेवून वाचण्याची पद्धत आपल्याकडे रुळलेली नाही.

१. महू ते दापोली : एका कुटुंबाचे परतणे

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’च्या पहिल्याच प्रकरणात लेखक आपल्या घराण्याची माहिती देतो. घराणे मूळचे दापोली तालुक्यातले. ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीच्या आरंभापासून पूर्वजांनी परंपरागत काम सोडून कंपनीच्या सैन्यात चाकरी धरली. वडीलही त्याच वाटेने गेले आणि सुभेदार पदापर्यंत चढले. निवृत्तीनंतर कायमचे राहावे या हेतूने ते कुटुंबासह दापोलीस आले. पण काही कारणांनी त्यांनी बेत बदलला आणि कुटुंब साताऱ्यास गेले. तेथे ते १९०४ पर्यंत राहिले. या परतीविषयी लेखक एवढेच सांगतो. कारणे कोणती, दापोलीत किती दिवस गेले, तेथे काय घडले, यांपैकी काहीही तो सांगत नाही.

या परतीचे स्वरूप नीट समजून घेण्यासाठी निघण्याचे ठिकाण आणि पोहोचण्याचे ठिकाण या दोहोंकडे पाहिले पाहिजे. महू ही माळव्यातील लष्करी छावणी. १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. आंबेडकरांचा जन्म तेथेच झाला. रामजी सकपाळ तेथे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. छावणीत पगार होता, हुद्दा होता, राहण्यास जागा होती आणि सैनिकांच्या मुलांसाठी शिक्षणाची सोय होती. जातिभेद छावणीतून नाहीसा झाला होता असे नव्हे. परंतु तेथे माणसाचे स्थान केवळ जन्माने ठरत नव्हते. सुभेदार हा तेथे सुभेदार होता.

महूहून कोकणापर्यंतचे अंतर सहा-सातशे किलोमीटरचे. कोकणात त्या काळी रेल्वे नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण होण्यास १९९८ साल उजाडावे लागले. मुंबईपासून पुढचा प्रवास मुख्यतः समुद्रमार्गे होई आणि दापोलीला जवळचे बंदर म्हणजे हर्णै. बायकामुलांसह आणि सामानासह असा प्रवास करणे हा निवृत्त माणसाचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. चार दिवसांच्या पाहुणचारासाठी कोणी एवढी यातायात करीत नाही.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. घराण्याचे मूळ गाव आंबडवे. ते आज मंडणगड तालुक्यात येते. कुटुंब परतले ते मात्र दापोलीस. दापोली हे इंग्रजी अमदानीत निवृत्त लष्करी माणसांच्या वस्तीचे ठाणे होते व म्हणूनच ते ‘कॅम्प दापोली’ या नावाने ओळखले जाई. अस्पृश्य समाजातील निवृत्त सैनिकही तेथे वस्तीला होते. ‘विटाळ विध्वंसन’चे कर्ते गोपाळबुवा वलंगकर हे सैन्यातून निवृत्त झाल्यावर दापोलीतच राहिले आणि तेथूनच त्यांनी आपले समाजजागृतीचे कार्य चालविले. याचा अर्थ असा की, या कुटुंबाची परती गावाच्या जवळ होती, पण गावात नव्हती. मुलूख तोच, बोली तीच, नातेवाईक हाकेच्या अंतरावर. आणि तरीही निवड झाली ती गावाची नव्हे, तर छावणीचा वारसा असलेल्या एका लहान शहराची. ‘गावी जाणे’ आणि ‘गावाजवळ जाणे’ यांतील हे अंतर फार बोलके आहे.

२. मौनाचे वाचन

ज्या लेखनात मसूर स्थानकावरील काही तासांचे वर्णन अनेक परिच्छेदांत येते, त्याच लेखनात दापोलीच्या वास्तव्याला जेमतेम दोन वाक्ये मिळतात. या विषमतेचा अर्थ कसा लावावयाचा?

एक साधे उत्तर असे देता येईल की, त्या वेळी लेखकाचे वय फारच लहान होते. हे उत्तर खरे आहे. चरित्रकारांनीही स्थलांतराचे एक व्यावहारिक कारण दिलेले आहे, ते म्हणजे रामजींना साताऱ्यास सार्वजनिक बांधकाम खात्यात मिळालेली नोकरी. तेव्हा दापोली सोडण्यामागे केवळ जातीचा जाच होता, असे अनुमान या दोन वाक्यांवरून काढणे समीक्षेच्या शिस्तीला धरून होणार नाही. मौनात आपल्याला हवा तो मजकूर भरणे हे वाचन नव्हे.

परंतु मौनात भर न घालताही मौनाचे स्थान पाहता येते. या मौनाच्या लगेच नंतर जे येते ते म्हणजे १९०१ सालचा गोरेगावचा प्रवास. वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपाल म्हणून नोकरीस होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तेथे तलावाचे खोदकाम चालू होते. आई वारलेली. वडिलांना भेटण्यासाठी मुले साताऱ्याहून निघाली. अंगावर नवे सदरे, डोक्यावर जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे. मसूर स्थानकावर उतरल्यावर जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे कबूल केल्यावर आणि बैल मुलांनीच हाकावेत या अटीवर गाडी मिळाली. जवळ शिदोरी असूनही पाण्यावाचून रात्र उपाशी काढावी लागली. आपल्या वडिलांकडे, म्हणजे आपल्याच घरी जाणाऱ्या मुलांची ही कहाणी आहे.

दुसरे प्रकरण पुन्हा परतण्याचेच आहे. अमेरिका व इंग्लंडमधील शिक्षणानंतर डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये मायदेशी परतले व बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी गेले. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव पुसली गेली होती, असे ते नमूद करतात. बडोद्यात उतरण्यास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावामुळे तीही सोडावी लागली. सार्वजनिक बागेत काही तास काढून त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

अशा रीतीने या लेखनाच्या आरंभीच एकामागून एक तीन परती येतात. कुटुंबाची दापोलीस परती, मुलांची वडिलांकडे जाण्याची वाट आणि विद्वानाचे मायदेशी आगमन. पहिलीत तपशील नाही, उरलेल्या दोहोंत तो ओसंडून वाहतो. म्हणूनच पहिल्या परतीचे मौन हे स्मृतीच्या अभावाइतकेच रचनेचाही भाग आहे, असे म्हणता येते. लेखकाने शीर्षकातील ‘व्हिसा’ या शब्दाचा खुलासा कोठेही केलेला नाही. व्हिसा परक्या देशात शिरण्यासाठी लागतो. ज्याला आपल्याच मुलखात, आपल्याच वडिलांच्या दारी पोहोचण्यासाठी परवान्याची वाट पाहावी लागते, त्याच्या बाबतीत ‘परतणे’ हे क्रियापदच अपुरे ठरते.

३. त्याच तालुक्यातील दुसरे बालपण

साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. ‘श्यामची आई’मधील श्याम शिक्षणासाठी दापोलीस राहतो आणि संधी मिळेल तेव्हा घरी, आईकडे येतो. दापोलीहून पालगडची वाट हा त्या ग्रंथाचा जणू कणा आहे. या वाटेवर श्यामला कोणी जात विचारीत नाही. विचारलीच तर तिच्या उत्तराने कोणतेही दार बंद होत नाही.

श्यामचे घर सुखवस्तू राहिले होते असे मात्र नाही. खोताचे घराणे, पण भाऊबंदकीमुळे एकत्र कुटुंबातून बाहेर पडावे लागते, कर्ज वाढत जाते, सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो आणि अखेरीस घरावर जप्ती येते. गरिबी, अपमान, घर गमावणे हे सारे या ग्रंथात आहे व ते मनाला भिडणारे आहे. म्हणून ‘एकाला गाव मिळाले, दुसऱ्याला मिळाले नाही’ अशी सोपी विभागणी येथे पुरेशी नाही. भेद अधिक खोल आहे. श्यामचे कुटुंब घर गमावते, कारण ते त्यांचे असते. जप्ती मालकीच्या वस्तूवरच येऊ शकते. त्या दुःखाला एक भाषा आहे, साक्षीदार आहेत आणि ते ऐकून हळहळणारे शेजारीही आहेत. रामजी सुभेदारांच्या कुटुंबाने दापोलीत काय गमावले, हे सांगण्यास अशी भाषा उपलब्ध नव्हती. कारण जे हक्काचे म्हणून कधी हाती आलेच नाही, त्याच्या गमावण्याची नोंद तरी कशी करावयाची?

या तुलनेत ‘श्यामची आई’मधील एक प्रसंग महत्त्वाचा ठरतो. एका वृद्ध महार स्त्रीची मोळी पडते. ती उचलून देण्यास आई श्यामला सांगते, आणि नंतर स्नान करण्यासही सांगते. देवाला सर्व सारखेच प्रिय आहेत, असा संस्कार त्यामागे आहे. १९३३ साली, अस्पृश्यतेचा प्रश्न देशापुढे तीव्रतेने उभा असताना, साने गुरुजींनी हा प्रसंग मुलांपुढे ठेवला, त्यामागील तळमळ निःसंशय आहे. पुढे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी त्यांनी उपोषण केले, हेही येथे स्मरले पाहिजे. तरीही वाचक म्हणून एक प्रश्न विचारावाच लागतो. ती मोळीवाली म्हातारी कोठून आली आणि मोळी उचलल्यानंतर कोठे गेली? ग्रंथात तिला वाट आहे, पण घर नाही. ती श्यामच्या गावात येते. तिचे गाव ग्रंथात येत नाही.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधील दापोलीविषयीची वाक्ये या प्रश्नाच्या उत्तराकडे बोट दाखवतात. मोळीवाली ज्या वस्तीत परत जाते, तशाच एका वस्तीतून सकपाळ घराणे काही पिढ्यांपूर्वी सैन्याकडे वळले होते. दापोलीच्या परिसराचे एक बालपण ज्या ठिकाणी थांबते, तेथून दुसरे बालपण सुरू होते. याच तालुक्याने श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’सारख्या कादंबऱ्यांनाही भूमी पुरविली. प्रादेशिकतेची एवढी समृद्ध परंपरा जेथे निर्माण झाली, तेथील प्रदेशाचा हा न लिहिला गेलेला भाग समीक्षेच्या दृष्टीने उपेक्षणीय मानता येणार नाही.

४. परतणे आणि हिस्सा

वरील तुलनेतून एक निकष हाती येतो. गावात ज्याचा हिस्सा आहे, त्यालाच परतता येते. हिस्सा म्हणजे केवळ जमीन अथवा घर नव्हे. गावाच्या पाण्यावर, देवळावर, वाटेवर आणि बोलण्यावर असलेला मान्य हक्क, असा त्याचा व्यापक अर्थ येथे अभिप्रेत आहे. स्वातंत्र्योत्तर काळातील काही कृती या निकषावर थोडक्यात पाहता येतील.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) मधील पांडुरंग सांगवीकर पुण्यातील शिक्षणात अपयशी होऊन गावी परततो. त्याचे परतणे पराभवाचे आहे. परंतु घर, शेती आणि वडिलांचा धाक यांची चौकट त्याला सामावून घेते. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर मुंबईचा सुधीर पत्नीसह धरणगावी येतो. वाडा ढासळत आहे, नाती विरत आहेत. तरीही वाटणीचा प्रश्न उपस्थित होतो, कारण सुधीरला वाटा आहे. ऱ्हास हा देखील हिस्सेदाराचाच अनुभव असतो.

दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) मध्ये मुंबईतील कावाखाना आणि तत्कालीन अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील गावचा महारवाडा यांच्यामध्ये कुटुंबाची ओढाताण होत राहते. येथेही गावात हिस्सा आहे. शीर्षकच त्या हिश्श्याचे नाव आहे. मात्र बलुते हे गावकीच्या कामाला जखडलेले. परतणाऱ्याला गाव ओळखते, पण ते त्या कामाच्या रूपानेच. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) मध्ये तर परतण्यासाठी स्थिर असे गावच नाही. बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर आहे.

रामजी सुभेदारांच्या परतीचा पेच या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होतो. गावाजवळ त्यांच्यासाठी जे स्थान राखून ठेवलेले होते, ते वतनाचे होते. निवृत्तिवेतन, शिक्षण आणि लष्करी हुद्दा यांची नोंद घेणारा रकाना गावाच्या व्यवस्थेत नव्हता. पुढे १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदे मंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, तेव्हा वतन हा मान नसून बंधन आहे, हीच त्यांची भूमिका होती.

५. परतीचे दुसरे रूप

कुटुंब दापोलीत राहिले नाही. तथापि कोकणाशी असलेले नाते तेथे संपले नाही. सकपाळ या आडनावाच्या जागी गावाच्या नावावरून आंबडवेकर आणि त्यातूनच आंबेडकर हे आडनाव रूढ झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शासकीय शाळेत विद्यार्थी म्हणून नाव दाखल झाले, तेव्हा ज्या गावात हे कुटुंब राहिले नाही त्याचीच खूण त्या नावात होती.

त्याहून महत्त्वाची परती सार्वजनिक जीवनात घडली. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला. या चळवळीत अस्पृश्य कुळांबरोबर कुणबी कुळेही होती. कोकणातील जमिनीच्या संबंधांनाच हात घालणारी ही कृती आहे. गावी परतून तेथे आपले स्थान मागणे ही एक वाट झाली; गावातील स्थाने ज्या व्यवस्थेने ठरतात ती व्यवस्थाच बदलणे, ही दुसरी. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याविषयी जी कठोर टीका केली, ती शहरी माणसाची अनास्था म्हणून पाहणे योग्य होणार नाही. खेड्याचे दार बाहेरून कसे दिसते, हे ठाऊक असलेल्या माणसाचे ते मत होते.

निष्कर्ष

१) ‘मूळ गाव’ ही मराठी साहित्यातील भावनिक संकल्पना म्हणून वावरत असली, तरी तिच्या तळाशी हक्कांची वाटणी आहे. ज्याला हिस्सा आहे त्याची परती स्मरणरंजन अथवा शोकांतिका होऊ शकते. ज्याला तो नाही त्याच्या परतीला साहित्यप्रकारच सापडत नाही.

२) ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधील दापोलीविषयीचे मौन स्मृतीच्या मर्यादेने आणि लेखनाच्या रचनेने मिळून घडले आहे. त्यात तर्काने घटना भरणे गैर. पण त्याचे स्थान दुर्लक्षिणेही तितकेच गैर.

३) ‘श्यामची आई’ आणि ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ एकमेकांना खोडून काढीत नाहीत. पहिल्यातील करुणा दुसऱ्यामुळे खोटी ठरत नाही; तिची व्याप्ती कोठे संपते एवढेच दुसऱ्यामुळे कळते.

४) आपल्या अभ्यासक्रमांत प्रादेशिक, ग्रामीण आणि दलित साहित्य ही स्वतंत्र अभ्यासपत्रिकांची नावे झाली आहेत. अध्यापनाच्या सोयीसाठी केलेली ही विभागणी एकाच तालुक्याचे दोन तुकडे करते. एक विद्यार्थी पालगड वाचतो, दुसरा आंबडवे. दोघांनाही संपूर्ण दापोली दिसत नाही. किमान एका घटकात प्रदेश हा निकष धरून या लेखनांचे एकत्र अध्यापन व्हावे.

५) २०२० मधील टाळेबंदीत शहरांतून लक्षावधी माणसे आपापल्या राज्यांकडे व गावांकडे निघाली. त्या काळातील बऱ्याच लेखनात गाव हे सर्वांचे हक्काचे आश्रयस्थान म्हणून रंगविले गेले. परतणाऱ्यांपैकी कोणाला गावात अंगण होते, कोणाला नुसता पत्ता होता आणि कोणाला तोही नव्हता, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला गेला. सुभेदार रामजींच्या कुटुंबाने शतकापूर्वी केलेल्या दीर्घ प्रवासाची दोन वाक्ये तो प्रश्न विचारण्यास आजही पुरेशी आहेत. परतीच्या साहित्याची समीक्षा यापुढे या प्रश्नापासून सुरू व्हावयास हवी.